डोळे मिटून सहा पावलं

रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त वाजते. कुणाला हे पटत नाही. पण गोदामांच्या गल्लीत अर्धा दिवस उभं राहा, तुमचेच कान सांगतील. चाक्याला हे विशीच्या आत कळलं होतं. अंगाला लागलं ते मात्र पंचावन्नाव्या वर्षी, बायकोची पेटी बसच्या टपावर चढवून रिकामी गाडी ढकलत घरी निघाला तेव्हा. रस्ताभर ती गाडी अशी खडखडत होती की दोन कुत्री मागे लागली आणि दारादारातून माणसं बघायला लागली. चाक्यानं मान वर केली नाही. घरी येऊन गाडी भिंतीला लावली तेव्हा कुठं ती गप्प झाली, आणि मग घर वाजायला लागलं.

चाक्याचं खरं नाव शेडच्या लाइटबिलावर होतं. तिथंच राहिलं. माल हलवायच्या अन् ठेवायच्या चाकाच्या गाड्या बनवणं हा त्याचा धंदा, म्हणून चाक्या. गोदामातली पोती, कापडाचे तागे, बाटल्यांचे क्रेट, इस्पितळातल्या मळक्या चादरी, ज्याला जे ढकलायचं असेल त्याची गाडी चाक्याच्या शेडमधून जायची. गाडी काय, कुणीही बनवेल. चार चाकं, एक तळ, एक दांडा. पण चाक्याची गाडी काम संपल्यावर जागा अडवत नसे. पुढून निमुळती, मागून रुंद. मागची जाळी वरून बिजागरीवर टांगलेली. मागच्या गाडीनं धक्का दिला की जाळी उचलली जायची आणि मागची गाडी पुढचीच्या पोटात शिरायची. अशा वीस गाड्या भिंतीकडेला एका ओळीत उभ्या राहायच्या आणि मधून माणूस हात हलवत जायचा. गोदामवाल्यांना जागा म्हणजे जीव की प्राण.

ही अक्कल त्याची नव्हे, त्याच्या आईची. लहानपणी एका खोलीत नऊ माणसं. फळी एकच, आणि फळीवर अकरा भांडी, एकात एक. बाहेरच्याला वाटायचं, या घरात एकच पातेलं आहे. बाप तापट होता, काही झालं की म्हणायचा, "भांड्याला भांडं लागणारच." आई म्हणायची, "रिकामी असली की गुमान एकात एक बसतात. भरली की ज्याला त्याला आपापली जागा लागते." पोरानं यातलं पहिलं वाक्य उचललं आणि त्यावर जन्मभर पोट भरलं. दुसरं वाक्य एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

गाडी चाक्या बनवायचा, पण गाडी पास करायची त्याची बायको.

ती दुपारी डबा घेऊन शेडवर यायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका गोदामातून तक्रार आली होती. तिथं माल हलवायला बायका होत्या, त्यांचे खांदे भरून यायचे. चाक्यानं गाडी दहा वेळा ढकलून पाहिली, त्याला काही कळेना. ती डबा खाली ठेवून म्हणाली, "द्या इकडं." आणि डोळे मिटून तिनं गाडी ढकलली. गाडी सहा पावलांत डावीकडच्या पत्र्यावर जाऊन आदळली.

"अगं, डोळे फुटलेत का तुझे?"

"उघडे ठेवले की हात लबाडी करतात," ती म्हणाली. "गाडी वाकडी गेली की हात गुपचूप तिला सरळ करतात आणि आपल्याला कळूही देत नाहीत. मग संध्याकाळी खांदा चहाडी करतो."

तेव्हापासून शेडच्या फरशीवर खडूच्या दोन रेघा आल्या. बारा फूट लांब, गाडीहून वीतभर रुंद. गाडीत वाळूच्या गोण्या भरायच्या. ती पदर खोचायची, दांडा धरायची, डोळे मिटायची आणि चालायची. सहा पावलं. गाडी दोन्ही रेघांच्या आत राहिली तर दांड्यावर एक थाप मारायची, दूध देणाऱ्या जनावराच्या पाठीवर मारावी तशी. ती थाप पडली की गाडी गेली गिऱ्हाइकाकडं. नाहीतर ती नुसतं सांगायची, "पुढचं डावं कुरकुरतंय" किंवा "मागचं उजवं रुसलंय", आणि डबा उघडून बसायची. लोखंडाची तिला काडीची माहिती नव्हती. पण चाक रुसलंय म्हणाली की रुसलेलंच असायचं. दांड्याची उंचीही तिच्याच कोपराची. चाक्यानं तिला एकदा भिंतीला उभं केलं, कोपराशी लाकडी पट्टी धरली आणि पट्टीला खाच पाडली. अडतीस इंच. तीस वर्षं प्रत्येक गाडीचा दांडा त्या खाचेवर बसला. पन्नास गोदामांतल्या पाचशे गाड्या एका बाईच्या कोपराइतक्या उंच होत्या, आणि हे त्या बाईला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं तर तिलाही नव्हतं. चाक्यानं कधी सांगितलंच नाही.

दुसऱ्यांना जागा करून देणाऱ्या माणसाच्या घरात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. घर दोन खोल्यांचं. नवीन काही सुचलं की चाक्या नमुना बनवायचा, आणि शेडमध्ये मोडतोड होईल म्हणून घरी आणायचा. पहिल्या खोलीत एक बाटल्यांची गाडी, एक कपड्यांची, एक पुस्तकांची, एक घडी होणारी आणि एक तीन चाकांची, जी जिने चढेल असं चाक्याचं म्हणणं होतं आणि जी एकदाही चढली नाही. बायकोनं त्यांनाही कामाला लावलं. एकीत कांदे, एकीत अंथरुणं, तीन चाकांचीवर ओले टॉवेल. तरी एका सकाळी चहाचा पेला घेऊन येताना तिच्या पायाची करंगळी गाडीच्या चाकाला अशी ठेचली की पेला भिंतीवर आणि ती खाली.

"हे घर आहे की गोदाम?" ती खाली बसूनच म्हणाली. "गोदामातसुद्धा माणूस चालायला वाट सोडतात."

"एकात एक बसवतो की," चाक्या म्हणाला.

"मलाही बसवा एखादीच्या पोटात. म्हणजे तुमची जागा वाचेल."

चाक्याला हसू आलं. हसायला नको होतं.

त्याच महिन्यात लेकीचं बाळंतपण आलं. लेक दिली होती एक दिवस एक रात्र लांबच्या शहरात. जुळी झाली. बायको तीन महिन्यांसाठी म्हणून निघाली. निघताना दारात थांबली. "घरात दोन पावलं चालायला जागा झाली की सांगा, येते." चाक्याला वाटलं, रागाचं बोलणं आहे, राग गेला की जाईल. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा, आणि बघता बघता तीन वर्षं.

चाक्या दोनदा जाऊन आला. लेकीचं घर मोठं. तिथं बायकोची खिडकीशी स्वतःची कॉट होती, कॉटखाली तिची पत्र्याची पेटी, आणि कॉट ते दार आठ पावलं मोकळी. ती त्या जागेत एका नातवाला खांद्यावर, एकाला कमरेवर घेऊन फिरायची. चाक्या कॉटच्या कडेला पाहुण्यासारखा बसून बघायचा. दुसऱ्या खेपेला लेकीबरोबर तो तिथल्या मोठ्या दुकानात गेला. दुकानाच्या दारात गाड्यांची लांबच लांब ओळ पाहिली आणि याचं भान सुटलं. ओळ मोडून एक गाडी बाहेर काढली, आडवी केली आणि तिच्याखाली शिरून चाकं पाहू लागला. पहारेकऱ्यानं पाय धरून ओढून काढला. "बाबा, तुम्हाला कुठं न्यायची सोय नाही," लेक म्हणाली. बायकोनं मात्र घरी आल्यावर हळूच विचारलं, "कशी होती?"

"तळ हलका. पण चाकं बरी."

"ढकलून पाहिली?"

"पाहिली."

"डोळे मिटून?"

 तोंडावर 'ये' म्हणायची ती वेळ होती. पण तो शब्द उलट्या घातलेल्या बोल्टसारखा अडकून बसला. चार दिवसांनी तो परत आला. एकटा.

पुढं एका मोठ्या गोदामाचं काम आलं. लिफ्टच्या बाजूला तीस फुटांची बोळ, आणि तिच्यात चाळीस गाड्या उभ्या करायच्या. चाक्याची जुनी गाडी दुसरीच्या पोटात शिरली की दहा इंच बाहेर राहायची. त्या हिशेबानं चाळीस गाड्यांना साडेपस्तीस फूट लागत होते. त्यानं महिनाभर डोकं लावलं. दांड्याचे खांब तिरके केले, जाळीची बिजागरी वर उचलली, आणि बाहेर राहणारा भाग आठ इंचांवर आणला. एकोणतीस फुटांत चाळीस. गोदामाच्या साहेबानं टेप लावून पाहिला आणि चाक्याची पाठ थोपटली. तीन गाड्या आधी वापरायला नेल्या. बाकीच्या सदतीसचे सांगाडे उभे राहिले, फक्त मागची चाकं जोडायची राहिली.

आठव्या दिवशी तिन्ही गाड्या परत.

"बायका म्हणतात डावीकडं ओढते," साहेब म्हणाला. "एकीनं तर दांडाच सोडून दिला. बघा काय ते. नाहीतर मला दुसरीकडं सांगावं लागेल."

चाक्यानं गोण्या भरल्या, डोळे मिटले, चालला. सरळ. पुन्हा चालला. पुन्हा सरळ. गाडी त्याच्या इतकी हातातली होती की मिटल्या डोळ्यांनीही हात लबाडी करत होते. शेडमधल्या दोघा वेल्डरांना ढकलायला लावली. ते रेड्यासारखे, त्यांनी भिंतसुद्धा सरळ ढकलली असती. शेजारच्या चहावालीला विनवलं. तिनं दोन पावलांत डोळे उघडले. "भाऊ, मला भीती वाटते. हे काम वहिनीचं."

संध्याकाळी चाक्यानं फोन लावला.

"काय म्हणता?" बायको म्हणाली. मागं जुळ्यांपैकी एकानं भोकाड पसरलं होतं.

"काही नाही. तीन गाड्या परत आल्यात."

"मग?"

"ओढतायत म्हणे."

"कुठल्या अंगाला?"

"डावीकडं. पण मला सापडेना." चाक्या थांबला. "तू असतीस तर..."

"अच्छा! तीन वर्षांत ये म्हणाला नाहीत, आता गाडी अडली तर आठवण झाली. अडला हरी... जाऊ दे, पुढचं म्हणत नाही. त्यात मीच यायची."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तसं नाही तर कसं, हे चाक्याला सांगता येईना. पाइप वाकवायचा असेल तर किती तापवायचा, कुठं धरायचा, हे तो झोपेतही सांगेल. हे कुठं धरायचं?

"जागा झाली का घरात?" तिनंच विचारलं.

"करतो."

"झाली की सांगा." आणि फोन बंद.

त्या रविवारी चाक्यानं घर उपसायला घेतलं. गाडीतली खोट सापडणं न सापडणं बाजूला राहिलं. चार नमुने शेडवर नेऊन एकात एक घातले. पाचवी, ती तीन चाकांची, सुटी करून टाकली. ती काही जिने चढणार नव्हती. मग घरातल्या वस्तूंकडं वळला. कॉटला बिजागऱ्या लावून ती भिंतीला उभी केली. मांडणीला चाकं लावून ओट्याखाली सरकवली. दोन स्टुलं टेबलाच्या पोटात, टेबल कपाटाच्या कुशीत, कपाट कॉट आणि भिंत यांच्या फटीत. सगळं चाकांवर, सगळं एकात एक. फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. शेडची फरशी सपाट. घराची फरशी पाणी जायला मोरीकडं उतरती. दुसऱ्या दिवशी कामावरून आला तर टेबल, मांडणी, कपाट सगळी मंडळी मोरीच्या तोंडाशी जमलेली, अंघोळीला रांग लावावी तशी. चाक्यानं कपाळावर हात मारला आणि एकेका चाकाला ब्रेक बसवला.

आता दोन पावलं म्हणजे किती? बायकोच्या कोपराची उंची त्याला तोंडपाठ होती, पावलाची लांबी नव्हती. तीस वर्षं ती समोर चालली, आणि हा चाकांकडं बघत होता. चहावालीला विचारलं.

"वहिनी सहा पावलांत रेघ संपवायच्या," ती लगेच म्हणाली. "गिऱ्हाईक नसलं की मी मोजायचे. पाचव्या पावलाला थोड्या थबकायच्या, सहाव्याला थाप."

बारा फूट, सहा पावलं. एक पाऊल दोन फुटांचं. दोन पावलं म्हणजे चार फूट. चाक्यानं घराच्या फरशीवर टेप धरला आणि खडूनं दोन रेघा ओढल्या. मधे चार फूट मोकळी फरशी. तीस वर्षांत तिथली फरशी त्यानं पहिल्यांदाच पाहिली. तिच्यावर फिक्कट निळ्या नक्षीची फुलं होती.

"चार फूट जागा झाली," त्यानं फोनवर सांगितलं.

"चार फूट कशाला? मी दोन पावलं म्हणाले होते."

"तुझं पाऊल दोन फुटांचं."

"कुणी सांगितलं?"

"बारा फूट, सहा पावलं."

पलीकडं घरघरणारा पंखा तिनं बंद केला. मग ती म्हणाली, "पंधरा दिवस येते. मुलांना शाळेत घालायचंय, त्याच्या आत परत यावं लागेल."

चाक्या गाडी घेऊन स्टँडवर गेला. तासभर आधी. पेटी गेली होती त्याहून जड होऊन आली. बायको थोडी बारीक झाली होती, केस पांढरे झाले होते, आणि बसच्या पायऱ्या उतरताना तिनं आधी एक पाय खाली टेकला, मग दुसरा त्याच पायरीवर. चाक्यानं ते पाहिलं आणि पेटीकडं बघत राहिला. भरलेली गाडी रस्त्यानं हूं की चूं न करता घरी आली.

दारात चपला काढून ती रेघेपाशी उभी राहिली. घराकडं एकदा सगळीकडून पाहिलं. मग चालली. एक. दोन. रेघ अजून पुढं होती. तीन.

"झाली की दोन पावलं," ती म्हणाली. "वर एक उरलं."

चाक्या खाली बघत होता. टेप चुकला नव्हता.

"कुणाच्या पावलांनी मोजलंत?"

"तुझ्याच."

"मग तेव्हाची असेन मी ती," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. "बरं, बसू कुठं?"

चाक्यानं लगबगीनं कपाट ओढलं, म्हणून टेबल निघालं, म्हणून स्टूल निघालं. ती बसली. पेटी उघडायची तर पेटीला जागा हवी, म्हणून टेबल सरकवलं. कपडे ठेवायचे तर कपाट उघडायला हवं. कपाट भरलं आणि मग ते फटीत जाईना, कारण कपडे बाहेर आले होते. चहा करायचा तर मांडणी ओट्याखालून बाहेर. मांडणीवर भांडी लागली, ती परत खाली जाईना. पाठ टेकायची तर कॉट खाली. संध्याकाळी चाक्या खोलीच्या मधोमध एका पायावर उभा होता, कारण दुसरा ठेवायला जागा नव्हती. खडूची एक रेघ टेबलाखाली गेली होती, दुसरी कॉटखाली.

बायको पेटीवर बसून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "अहो, रिकाम्या घराची जागा मोजलीत तुम्ही!"

चाक्याला आई आठवली. ती फळी, ती अकरा भांडी, आणि ते दुसरं वाक्य. जन्मभर लोकांच्या रिकाम्या गाड्यांच्या जागा मोजल्या, तीच खोड घराला लावली. त्याला वाटलं, संपलं. उद्याच्याच बसनं ही जाते.

"उद्या गाडी दाखवा," ती म्हणाली, आणि टेबल ढकलून मोरीकडं वाट काढत गेली.

दुसऱ्या दिवशी शेडच्या रेघा पुन्हा ओढल्या. चहावाली गिऱ्हाईक टाकून बघायला आली. गोण्या भरल्या. तिनं पदर खोचला, दांडा धरला, डोळे मिटले. चहावाली ओठांत मोजत होती. सहा झाली, सात, आठ. नवव्या पावलाला गाडी डावीकडची रेघ ओलांडून गेली.

"मागचं उजवं रुसलंय," डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली. "आणि दांडा उंच केलाय तुम्ही."

"दांडा तोच आहे."

"मला सांगू नका. हात वर जातोय."

चाक्यानं आधी चाकाला दोरी लावली. पुढून मागं ताणली. उजव्या चाकाचा पाया, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तळाला जोडलेला तुकडा, काडीच्या गुलाएवढा आत ओढलेला. दुसऱ्या गाडीचाही तेवढाच, तिसरीचाही. चुकून एक वाकडा होतो. तिन्ही सारखे वाकडे कसे होतील? चाक्या उकिडवा बसून विचार करत राहिला. वेल्डिंग तेच, रॉड तोच, पत्रा तोच. बदललं काय?

तेवढ्यात बायकोनं डब्याचं झाकण काढलं. वेल्डरही जागचे उठून हात धुवायला गेले.

आणि चाक्याच्या ध्यानात आलं. आधी तो सकाळी सगळ्या गाड्यांचे उजवे पाये जोडायचा, आणि डाव्यांना हात घालायच्या आत ती डबा घेऊन यायची. हात धुवा, बसा, जेवा, तिचं ऐका, ती गाडी ढकलणार ते बघा. तासभर जायचा. तेवढ्यात लोखंड निवायचं, बसायचं तिथं बसायचं. मग डावे पाये. ती गेल्यापासून डबा सकाळीच भरून आणायचा आणि काम उरकल्यावर कधीतरी उभ्यानंच खायचा. उजवा, लगेच डावा, एका दमात. तापलेलं लोखंड निवताना एकमेकांना ओढायचं. जुन्या गाडीत ते खपून जायचं. या गाडीचे खांब तिरके. हिनं खपवून घेतलं नाही.

"सापडलं?" बायकोनं विचारलं.

"मधे थांबलं पाहिजे."

"कशाला?"

"जेवायला," चाक्या म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या ताटलीत वाढायला लागली. चहावाली उठून आपल्या टपरीकडं गेली. पातेल्यातला चहा उतू चालला होता म्हणे.

मग चाक्यानं ती लाकडी पट्टी काढली. बायकोला भिंतीला उभं केलं. खाच कोपराच्या वर आली, सव्वा इंच. तिनं खाली वाकून पाहिलं. "ही खाच माझी?"

"मग कुणाची?"

"सगळ्या गाड्यांना हीच?"

"हीच."

"बाई बाई," ती म्हणाली. "तीस वर्षांत एकदा तरी सांगायचं."

पंधरा दिवस ती डबा घेऊन आली. सकाळी उजवे पाये, मग जेवण, मग डावे. एकेक गाडी रेघांमधून गेली, आता नऊ पावलांत, आणि एकेका दांड्यावर थाप पडली. चाळीस गाड्या त्या बोळीत एकोणतीस फुटांत उभ्या राहिल्या. गोदामातल्या बायकांनी ढकलून पाहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. गाडीबद्दल कुणी काही बोललं नाही की ती चांगली, असं चाक्याचं मोजमाप होतं.

त्याच लोखंडातून त्यानं आणखी एक गाडी केली. दांडा सव्वा इंच खाली. ती बाकीच्या कुठल्याच गाडीच्या पोटात शिरेना. दांडा जाळीवर आपटायचा. ती त्यानं घरी आणली. बायकोनं पाहिली आणि पेटी तिच्यावर ठेवली.

निघायच्या दिवशी चाक्या पेटीची गाडी दाराकडं वळवायला लागला, तर ती कापडी पिशवी खांद्याला लावून उभी.

"राहू दे ती."

"कपडे?"

"तिकडं चार आहेत. ही कुठं वागवू दर वेळी, जड झालीय." आणि तिनं पेटीच्या गाडीचा ब्रेक पायानं दाबून बघितला. "मोरीकडं जाऊ देऊ नका."

दर वेळी म्हणाली. चाक्यानं ते दोन शब्द ऐकले आणि तिची पिशवी आपल्या खांद्याला घेतली. बस सुटली. येताना ढकलायला काही नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून मागं बांधले.

आता त्या घरात ती चार फूट जागा मोकळी नाही. मधोमध पेटीची गाडी असते. कॉट खाली घ्यायची तर ती आधी बाजूला करावी लागते, आणि सकाळी पुन्हा जागेवर. पेटी भरलेली, त्यामुळं आवाज होत नाही.

"गेल्या का वहिनी?" चहावालीनं विचारलं.

"गेली. पेटी ठेवलीय."

"काय आहे तिच्यात?"

"काय माहीत. कुलूप आहे."

"अन् किल्ली?"

"तिच्या कमरेला."

चहावालीनं मान हलवली आणि पेला पुढं केला. दुपार झाली होती. सकाळचे उजवे पाये जोडून झाले होते. चाक्यानं डबा उघडला, संपवला, झाकण लावलं. मग वाकून एका गाडीच्या पायाच्या लोखंडाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. अजून गरम होतं. तो परत खाली बसला.